माणूस बिघडला की मेंदू?

पन्नाशीतला कष्टकरी माणूस हळूहळू उर्मट होतो, पैसे उधळतो, घरच्या दुःखानेही हलत नाही. स्मरण मात्र बऱ्यापैकी शाबूत! ढोकीत लोक म्हणणार, दारू, नाहीतर करणी. मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागाची झीज, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, कुणाच्या ध्यानीही येत नाही.

आजार विरळाच. केंब्रिजच्या 2002 सालच्या पाहणीत 45 ते 64 वयाच्या दर लाखात 15 रुग्ण निघाले. आपला जिल्हा 2011 साली साडेसोळा लाखांचा. या वयाचे सहावा हिस्सा धरले, तर त्याच दराने, कारकुनी हिशेबाने, चाळीसेक घरे होतात.

बरे करणारे औषध अजून नाही. तरी देवऋषीला पैसे घालू नका, मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. नोकरी जाण्याआधी डॉक्टरांचा दाखला हाती असू द्या.