सशाचे औषध आणि डुकराची किडनी

घरातल्या कुणाची किडनी बदलायची ठरली की सगळे घर कामाला लागते. किडनी कोण देणार, रजा कशी मिळणार, उसनवारी किती करायची, हीच चर्चा. शरीराच्या आत काय चालते, ते मात्र आपण विचारायचे विसरतो. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

शरीरात परके काही शिरले की त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. सख्ख्या आईची किडनी असली तरी शरीराला ती परकीच. म्हणून पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या सुमारास एटीजी नावाचे औषध सलाईनमधून देतात. ते सशाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढतात. नव्या किडनीवर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते आवरते. पण औषधच प्राण्याचे! काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्धही प्रतिद्रव्ये होतात. मग आठ-पंधरा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, रुग्णालय गाठावे. हे औषध पूर्वी घेतले असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे.

डुकराच्या किडनीचे काय? डुकराच्या पेशींवर एक साखर असते, ती माणसात नसते. आतड्यातल्या जंतूंवर तशीच साखर असल्याने तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये लहानपणापासूनच आपल्या रक्तात असतात. त्यामुळे साधी डुकराची किडनी काही मिनिटांत वा तासांत निकामी होते. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत बॉस्टनला 62 वर्षांच्या रुग्णाला 69 जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली. अशा साखरा बनवणारी 3 जनुके त्यात काढली होती. किडनी चालली. रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी वारले, पण मृत्यू किडनीमुळे झाल्याचे दिसत नाही, असे रुग्णालयाने सांगितले. हे सारे अजून चाचणीच्या टप्प्यात आहे.

तेव्हा त्या आशेवर थांबू नका. पूर्वी रक्त चढवले असेल, बाळंतपणे झाली असतील, तर माणसाच्या पेशींविरुद्धही प्रतिद्रव्ये असू शकतात. म्हणून देणारा-घेणारा यांच्या रक्ताची क्रॉसमॅच तपासणी टाळू नका. जुने कागद एका पिशवीत जपून ठेवा. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करू नका. आईने दिलेली किडनी त्या गोळ्यांवरच टिकते.