बाळंतिणीची मजुरी कोण भरणार?

सून गरोदर राहिली की आमचा शेतकरी खर्चाची बोटे मोजू लागतो. दवाखाना, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, डोहाळजेवण, बारसे! पहिलटकरीण असली तर तिचा बाप माहेरी बसून हाच हिशेब करतो आणि सोयाबीन घरात येण्यापूर्वीच सावकाराची पायरी चढतो. पण या मांडणीत सर्वांत मोठी रक्कम कोणी धरीतच नाही. ती रक्कम म्हणजे बाईची बुडालेली मजुरी होय.

दवाखान्याचे म्हणाल, तर २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त, जेवण व नेण्या-आणण्याची गाडी हे सारे मोफत आहे. आजारी तान्ह्याचा उपचारही वर्षभर मोफत. तेथे कोणी हात पसरील तर पैसा देऊ नये, लेखी तक्रार करावी. बारशाची पंगत मात्र आपणच ओढवून घेतो. कर्ज काढून गावजेवण घालणारा बाप आपल्याच लेकराच्या तोंडचा घास गावाला वाटतो.

पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळास काही नको, पाणीही नको, हे डॉक्टरांचे सांगणे खरे आहे. पण त्या दुधास दाम पडत नाही, असे जे म्हणतात ते साफ खोटे! सव्वा महिना भरतो न भरतो तोच जिला कपाशी वेचायला जावे लागते, तिचे लेकरू दिवसभर म्हातारीजवळ साखरपाण्यावर राहते. दूध अंगातून येते, अंग भाकरीवर चालते आणि भाकरी मजुरीवर. मग सटवाईने कपाळी वाईट लिहिले म्हणून रडायचे काय?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी हेच मांडले. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली कायदा झाला, पण तो कारखान्यातील बायांपुरता. २०१७ पासून नोकरदार बाईस पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे. आणि पऱ्हाटीत राबणारीला काय?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीबाहेरच्या प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या अपत्यास ५,०००, आणि दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तरच ६,०००. ते ५,००० त्याच २६ आठवड्यांवर वाटून पाहा. दिवसाला २७ रुपये पडतात! त्यातलेही २,००० बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावर. कपाशी काय तोवर थांबून राहते?

बंधूंनो, दिवस गेल्याचे कळताच आशाताईकडे नाव नोंदवा व योजनेचा अर्ज भरा. ग्रामसभेत ठराव करा, की कायद्यातील रक्कम प्रत्येक मातेस प्रत्येक खेपेस पुरी मिळावी व ती मजुरीच्या मानाने वाढवावी. आणि पंगतीचा पैसा बाळंतिणीच्या ताटात घाला. दर १२ जानेवारीस आपण सिंदखेडराजास जाऊन जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकतो. ज्या जिल्ह्याने अशी माता दिली, तेथे ओली बाळंतीण वेचणीला धाडणे आपणांस शोभते काय, याचा प्रत्येक घरधन्याने विचार करावा.