टेकू

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. याच जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे, तेव्हा घोटाळा नको म्हणून आमच्या चांदूरला लोकांनी आगगाडी जोडून दिली. त्यामुळे पाहुणा म्हटला की तो स्टेशनावरून, हातात वळकटी घेऊन यायचा, अशी आम्हां चांदूरकरांची जुनी समजूत. पण २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये उरलेला भागही खुला होऊन ७०१ किलोमीटरांची वाट पुरी झाली, आणि ही वाट आमच्याच भागातून गेल्यामुळे पाहुण्यांची जातच बदलली.

गेल्या दिवाळीत आमचे भाचे पुण्याहून अवतरले ते एका तांबड्या, दोन आसनी शर्यतीच्या मोटारीतून. मोटार कसली, जमिनीला चिकटलेली घोरपडच! आत बसायचे म्हणजे आधी लोळण घ्यायची आणि मग पाय आत ओढायचे. तिच्या पोटाखाली किती जागा असेल, म्हणून मी फूटपट्टी लावून पाहिली. जेमतेम साडेचार इंच! आपल्या नेहमीच्या मोटारींना साडेसहा-सात इंच तरी असते.

धनत्रयोदशीच्या सकाळी पाहतो तो पुढच्या डाव्या चाकातली हवा पार गेलेली. महामार्ग सोडून गावात शिरताना कुठल्यातरी टोकदार दगडाने टायरच्या कुशीला चीर पाडली होती. मी म्हटले, "त्यात काय? दुसरे चाक काढ आणि लाव."

"मामा, या गाडीत दुसरं चाक नसतंच," भाचा म्हणाला.

मला ही थट्टाच वाटली. पण ते खरे होते. टायरमध्ये ट्यूब नसेल, हवेचा दाब दाखवणारे यंत्र असेल आणि भोक बुजवण्याचे साहित्य सोबत असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती २०२० साली आपल्या सरकारने काढून टाकली आहे. चिकाची बाटली असते, ती ओतून लहानसे भोक बुजते. कुशीला पडलेली चीर मात्र त्या चिकाने बुजत नाही. म्हणजे चाक काढायचे, अमरावतीला न्यायचे आणि नवा टायर मिळेपर्यंत गाडी तीन पायांवर उभी ठेवायची. आमची अडचण खरी सुरू झाली ती इथे.

घरासमोर सिमेंटचा कोबा आहे. पण त्यावर सौ.ने आदल्या रात्री अकरापर्यंत जागून रांगोळी घातलेली. तिच्यावर चाक नको, म्हणून भाच्याने गाडी बाजूच्या मातीतच ठेवलेली. आता वऱ्हाडची काळी माती कशी असते, हे पुण्याच्या माणसाला कोणी सांगावे? वरून वाळून कडक दिसते. पण परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला असेल, तर चार बोटांखाली ती लोण्यासारखी मऊ असते. भाच्याने शेजाऱ्यांचा जॅक आणला, माती थोडी खरवडून तो कसाबसा आत सारला आणि दांडा फिरवू लागला. गाडी वर आली. आम्ही कौतुकाने पाहत होतो.

तेवढ्यात आमच्या चिरंजीवांचा चेंडू घरंगळत गाडीखाली गेला. वय वर्षे दहा! त्यांनी क्षणाचाही विचार न करता पोटावर पडून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"सर, पोराले आंधी भाईर घ्या!"

फाटकातून गॅरेजचे मिस्त्री आत येत होते. मीच त्यांना बोलावणे धाडले होते. मी काही करण्याच्या आत त्यांनी पोराचे दोन्ही पाय धरून त्याला मागे ओढला. चिरंजीव रडायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात जॅकचा एक कोपरा मातीत रुतला, जॅक कलला आणि गाडी धप्पकन खाली बसली. चाक अजून काढलेले नव्हते, एवढेच दैव. गाडीचे पोट आणि जमीन यांत आता तीन बोटेही जागा नव्हती. चेंडू आतच चेपला होता.

कोणी काही बोलेना. सौ.ने पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग मला काहीतरी करावेसे वाटले. मी आतून अभ्यंगस्नानाचा सागवानी पाट आणला आणि म्हटले, "हा ठेवा जॅकखाली." मिस्त्रींनी तो उलटा करून दाखवला. "सर, याले पाय हायेत. मधात पोकळ. कडकन मोडन." आणि मग ते जे म्हणाले, ते मी वहीत लिहून ठेवले आहे: "जॅक उचलाले असते सर, धरून ठेवाले नसते."

वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे. पण दोन क्रियापदांतला भेद इतका स्वच्छ मला कधी सांगता आला नव्हता.

त्यातला हिशेबही सरळ आहे. गाडीच्या एका कोपऱ्याचा भार धरा चारशे किलो. जॅकची बैठक शंभर चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो. ओली काळी माती तो दाब कशी सोसणार? खाली फूटभर रुंद, दीड फूट लांब अखंड जाड फळी दिली, तर तोच भार सुमारे चौदाशे चौरस सेंटिमीटरांवर पसरतो आणि दाब तीनशे ग्रॅमच्या आसपास येतो. "पण त्याहीपेक्षा मातीच सोडा," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांची नजर कोब्याकडे गेली.

सौ.ने एक शब्द न बोलता बादली आणली आणि रांगोळी स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

पुढचे काम सावकाश झाले. शेजारच्या गोठ्यातून जुन्या बंडीच्या दोन इंच जाडीच्या दोन फळ्या आणल्या. त्यांचे टोक तासून उतरते केले, त्या कोब्यावर मांडल्या आणि गाडी अगदी मुंगीच्या पावलाने चार हात चालवून पुढची दोन्ही चाके त्यांवर चढवली. ठेंगण्या गाडीची मेख हीच. जॅक आत जात नसेल तर जमीन खरवडायची नाही, आधी गाडीलाच पाटावर बसवायचे. मग हातब्रेक ओढला, गिअर घातला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटांचा अडसर दिला. विटा अडसराला चालतात. गाडीच्या पोटाखाली मात्र कदापि नकोत, भाराने त्यांचा भुगा होतो. चाकाच्या चाव्या गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा ढिल्या केल्या. वर उचलल्यावर जोर लावला की गाडी हलते.

जॅक कुठे लावायचा, हे मिस्त्रींनी अंदाजाने ठरवले नाही. भाच्याच्या फोनवर गाडीची पुस्तिका उघडायला लावली. आतल्या मजबूत तुळईला जॅक, बाजूच्या खुणेखाली टेकू. बाहेरून दिसतो तो नुसता प्लास्टिकचा घोळ. त्यावर भार दिला तर तो फुटतो आणि गाडी घसरते. गाडी वर येताच लोखंडी स्टँड दोन्ही बाजूंना लावले, जॅक हलकेच उतरवून भार त्यांवर दिला, आणि मिस्त्रींनी गाडीला खांद्याने धक्का देऊन पाहिले. ती हलली नाही. तेव्हा कुठे चाक निघाले.

नवा टायर नागपूरहून यायला तीन दिवस लागले. चाक बसवताना त्यांनी चाव्या एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरच्या आवळल्या, शेवटचा जोर गाडी जमिनीवर उतरल्यावर दिला, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासायला बजावले. "आणि हे महामार्गावर झालं तं?" मी विचारले. "तं हात लावाचा नाही. दिवे लावाचे, समद्यांनी कठड्याच्या पल्याड जाऊन उभं राहाचं, अन् मदतीले फोन कराचा. चाकापरीस माणूस महाग."

माझे वडील बंडीला वंगण घालताना आंसाखाली लाकडाचा टेकू देत, आणि तो दिल्यावरही आम्हां पोरांना बंडीखाली वाकू देत नसत. ती गोष्ट मी विसरलो होतो. बंडी जाऊन मोटार आली म्हणून भाराचा स्वभाव थोडाच बदलतो?

लक्ष्मीपूजनाला ती तांबडी गाडी टेकूंवरच होती. सौ.ने तिच्याभोवती, हातभर अंतर सोडून, नवी रांगोळी घातली. चिरंजीवांना पलीकडे जायची मनाई होती आणि ती रेघ त्यांनी एकदाही ओलांडली नाही. भाचा परतला तेव्हा त्याच्या दोन आसनी गाडीत कपड्यांची पेटी मावेना, पण सौ.ने बांधून दिलेल्या चकल्या-अनारशांच्या डब्याशेजारी बंडीच्या त्या दोन फळ्या मात्र त्याने आवर्जून ठेवून घेतल्या.