गोंदण हा रोग नव्हे

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनो, त्यांच्या आईवडिलांनो आणि अकॅडमी चालवणाऱ्या सरांनो,

केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत काढावे लागतात, मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. त्यासाठी पोरं वर्ष-दोन वर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. बाप उसनवारी करून अकॅडमीची फी भरतो. लेखी निघते, ग्राउंड निघतं, उंची-छाती बसते. मग मेडिकल. तिथे डॉक्टरांना उजव्या हातावर जत्रेत गोंदवलेलं ‘आई’ दिसतं आणि कागदावर शेरा पडतो, अनफिट. डोळे चांगले, कान चांगले, गुडघे चांगले. दोन अक्षरांनी पोरगा घरी.

या दोन अक्षरांनी त्याचं धावणं कमी होत नाही, नेमबाजी बिघडत नाही, हुकूम पाळण्याची तयारी घटत नाही. मग ही तपासणी वैद्यकीय कशी?

नियम काय आहे ते नीट वाचा. भूदलात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेलं चालतं, इतरत्र चालत नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांत हाताची आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची. उजवा हात सलामीचा, म्हणून त्याची आतली बाजू कोरी हवी. शिवाय गोंदण त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवं. धार्मिक चिन्हं आणि नावं यांना मात्र परवानगी आहे, आणि ती देशातल्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखण्यासाठी, असं नियमातच लिहिलेलं आहे.

म्हणजे उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ‘ॐ’ असलेला मुलगा भूदलाला चालतो आणि सीमा सुरक्षा दलाला चालत नाही. सलामी भूदलातही उजव्याच हाताने देतात! एकाच देशाच्या दोन गणवेशांत एकाच मुलाची कातडी एकदा पात्र ठरते, एकदा अपात्र. याला शिस्त म्हणायला आमची जीभ वळत नाही.

भूदलाने आदिवासींना सूट दिली आहे. भारत सरकारने मान्य केलेल्या जमातींच्या उमेदवारांना रूढीप्रमाणे शरीरावर कुठेही गोंदलेलं चालतं, मात्र त्यासाठी दाखला लागतो. सूट योग्यच आहे, ती राहिली पाहिजे. पण रूढी काय फक्त त्या यादीतच असते? बंजारा समाजात गोंदण पिढ्यान्‌पिढ्यांचं. तेलंगणात हा समाज अनुसूचित जमातींत मोडतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेच गोंदण परंपरा ठरतं आणि अलीकडे दोष ठरतो. गावोगावच्या मराठा, धनगर, माळी, महार, मांग घरांत आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवे ठिपके आहेत. मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, बरोबर येतं ते गोंदण, असं त्या बायका सांगत आल्या. त्यांच्या नातवाला परंपरा सिद्ध करायला दाखला कोण देणार?

कारणासह केलेला नियम कसा असतो तेही पाहा. गोंदवून घेतल्यावर एक वर्ष रक्तपेढी तुमचं रक्त घेत नाही. अस्वच्छ सुईतून कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते, म्हणून. तिथे धोका स्पष्ट आहे, मुदतही स्पष्ट आहे. मुदत संपली की तुम्ही पुन्हा दाते. भरतीच्या नियमाला असं कारण नाही आणि मुदतही नाही. लेझरने काढायचं म्हटलं तर महिन्यामहिन्याच्या अंतराने अनेक बैठका लागतात, प्रत्येक बैठकीचे पैसे वेगळे. मेडिकलची तारीख तेवढी थांबत नाही.

कातडीवरच्या खुणेवरून माणूस ओळखण्याची सवय या देशातल्या सत्तेला जुनी आहे. कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याची शिक्षा आणली. १८४९ मध्ये ती रद्द झाली. शिक्षा गेली, पण गोंदलेला माणूस संशयाचा, ही नजर सरकारी खुर्चीत आजही बसलेली दिसते.

आणि ती खाजगी खुर्चीतही आहे. हॉटेलचा स्वागतकक्ष, विमानातली सेवा, शोरूम, बँकेचा काउंटर. मुलाखत चांगली होते, मनगटावरचं फूल दिसतं आणि ‘कळवतो’ म्हणतात. कळवत कोणीच नाही. कपाळावर ठिपके असलेल्या बाईला झाडूपोछाचं काम लगेच मिळतं, गिऱ्हाइकासमोरचं मिळत नाही. जिच्या अंगावर गोंदण आहे तिने मागच्या दारानेच यायचं, हा अलिखित कायदा आम्हाला सर्वांत जास्त झोंबतो, कारण त्याविरुद्ध दाद मागायला साधा कागदही हाती नसतो. एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये दिसणाऱ्या गोंदणावरची बंदी उठवली. माओरी लोकांचं गोंदण हा त्या देशाचा वारसा, आणि तो झाकायला लावणं अपमानाचं, हे त्यांना पटलं. आमच्याकडे वारसा कमी आहे का?

कोर्टात जा, असं कोणी म्हणेल. गेलेले आहेत. सीआयएसएफमधल्या चालकाच्या जागेसाठी धार्मिक गोंदणावरून बाद झालेल्या उमेदवाराला मुंबई उच्च न्यायालयाने न्याय दिला. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र हवाई दलाने रद्द केलेली एका तरुणाची निवड रद्दच ठेवली. वकिलाची फी भरू शकणाराच इथवर पोचतो, आणि तोपर्यंत वय निघून जातं.

म्हणून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आमची मागणी आहे. अर्ज भरतानाच गोंदणाचा फोटो घ्या आणि चालतं की नाही ते तिथेच सांगा. घाम गाळून झाल्यावर नको. डाव्या-उजव्या हाताचं कलम काढून टाका. गोंदणाला वैद्यकीय दोषांच्या यादीतून वगळा. अश्लील, द्वेष पसरवणारं किंवा गुंडटोळीची खूण असलेलं गोंदण जरूर नाकारा, त्याला आमचा पाठिंबा आहे. आणि खाजगी मालकांनो, अट असेल तर जाहिरातीत छापा.

पोरांनो, हे बदलेपर्यंत भरतीच्या आधी जत्रेत हात पुढे करू नका. आधीच गोंदलेलं असेल तर जाहिरातीतलं ते कलम आजच वाचा. मेडिकलला बाद केलं तर कारण लेखी मागा आणि फेरतपासणीची संधी सोडू नका. या मागण्यांचं निवेदन गावाच्या सह्यांनिशी आपल्या खासदाराच्या हातात द्या आणि पोच घ्या. हे पत्रक वाचून झालं की अकॅडमीच्या भिंतीवर चिकटवा.