‘साइटवर बघून घेऊ’ आता बास!

घराचं रिनोव्हेशन जवळून पाहिलंय कधी? आधी भिंत बांधतात, प्लॅस्टर करतात. मग इलेक्ट्रिशियन येऊन तीच भिंत छिन्नीने फोडतो. पाठोपाठ प्लंबर येतो, तोही फोडतो. कारण पाइप कुठून जाणार हे आधी कुणी ठरवलेलंच नसतं. विचारलं की एकच उत्तर, ‘साइटवर बघून घेऊ!’

सिंगापूरच्या ‘क्लेमेंट कॅनोपी’ प्रकल्पात मात्र ही सोयच नव्हती. तिथले दोन 40 मजली टॉवर 1,899 मॉड्युल एकावर एक रचून उभे राहिले. मॉड्युल म्हणजे खोलीएवढा काँक्रीटचा तयार खोका. 2019 मध्ये हे टॉवर पूर्ण झाले. अशा कामात वरच्या खोक्याचा पाइप खालच्या खोक्याशी जुळला नाही, तर क्रेनला लटकलेल्या त्या खोक्याचं करायचं काय?

म्हणून लागतं बीआयएम, अर्थात बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग. हे नुसतं ब्रोशरमधलं थ्रीडी चित्र नव्हे. भिंत किती जाड, पाइप कोणत्या मापाचा, दरवाजा किती रुंद, ही सगळी माहिती त्या मॉडेलमध्ये असते. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि प्लंबिंगवाले आपापली मॉडेल्स एकत्र आणतात. एसीचा डक्ट बीममध्ये घुसत असेल, तर ती टक्कर स्क्रीनवरच दिसते. सिंगापूरने तर 2015 पर्यंत टप्प्याटप्प्याने 5,000 चौरस मीटरहून मोठ्या इमारतींचे आराखडे बीआयएममध्येच सादर करणं सक्तीचं केलं.

आपल्याकडे हे काहीच नाही असं नाही. नागपूर मेट्रोच्या कामात बीआयएम वापरलं गेलं. रांचीत केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पातली 1,008 घरं अशाच थ्रीडी खोक्यांच्या पद्धतीची आहेत. पण आपल्याला कौतुक फक्त वेगाचं. किती दिवसांत किती मजले चढले, याची बातमी होते. कारखाना सुरू होण्याआधी काय आणि कुणाला विचारून ठरवलं, हे कुणी विचारत नाही.

मला काळजी वाटते ती इथेच. कारखाना जसा घरं भराभर काढतो, तशा चुकाही भराभर काढतो. गवंड्याच्या हातून खिडकी चुकली तर एक घर बिघडतं. मॉडेलमध्ये चुकली तर तीच चूक शेकडो घरांत जाते. बाथरूमचं दार इतकं अरुंद की आजीची व्हीलचेअर आत जात नाही, कपडे वाळत घालायला जागाच नाही, अशा चुका टक्कर शोधणारं सॉफ्टवेअर पकडत नाही. त्याला फक्त पाइप आणि बीमची टक्कर कळते.

म्हणून सरकारी घरांचं मॉडेल फायनल करण्याआधी ते वायरमन, प्लंबर आणि तिथे राहायला जाणाऱ्या लोकांना दाखवायलाच हवं. ब्लूप्रिंट सगळ्यांना वाचता येत नाही, पण स्क्रीनवरच्या घरात कुणीही फिरून येऊ शकतं. यात वेळ जाईल? जाऊ दे की! स्क्रीनवरचं दार रुंद करायला माउस लागतो. काँक्रीट ओतल्यावर पुन्हा छिन्नीच लागते.