शेडमधील जुनी जीप : भंगार, खेळणे की इतिहासाचे साधन?

🧵 थ्रेड

१/
नगरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर नेवासा तालुक्यातील सोनई. जवळच शनिशिंगणापूर, गावात मुळा सहकारी साखर कारखाना आणि सभोवती काळ्या जमिनीतला ऊस. या पट्ट्यातील एखाद्या वस्तीवर गोठ्यालगतच्या शेडमध्ये जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप उभी दिसली, तर तिचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा नाही. तो इतिहासाचाही आहे.

२/
मूळ कथा १९४० ची. युद्धाच्या तयारीत असलेल्या अमेरिकी लष्कराला हलके, चारही चाकांना शक्ती देणारे टेहळणी वाहन हवे होते. नमुना सादर करण्यासाठी मुदत होती अवघी ४९ दिवसांची. ‘बँटम’ या छोट्या कंपनीने ती पाळली. मोठे कंत्राट मात्र ‘विलीज’ला आणि पुढे ‘फोर्ड’लाही मिळाले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चाकांतील अंतर ८० इंच, इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि शक्ती ६० अश्वशक्ती.

३/
१९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. त्यातील मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला, बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. महिंद्राने मात्र तिचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालू ठेवला. म्हणून ही गाडी जन्माने परदेशी असली, तरी तिचे दीर्घ आयुष्य भारतीय आहे.

४/
नगर जिल्ह्याला लष्करी वाहने अनोळखी नाहीत. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था येथेच आहे आणि १९९४ पासून रणगाडा संग्रहालयही आहे. तेथे देशोदेशीचे रणगाडे जतन केलेले आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु रणगाड्याने गावाचा बांध कधी ओलांडला नाही. जीपने ओलांडला. तिच्या वाट्याला मात्र शेड आली.

५/
स्वातंत्र्योत्तर ग्रामीण महाराष्ट्र जीपविना सांगताच येत नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. १९७२ चा दुष्काळ आला, रोजगार हमीची कामे निघाली, मुळा धरणाचे कालवे शिवारांत पोहोचले. गटविकास अधिकारी, कालव्यावरचा अभियंता, कारखान्याचा शेतकी अधिकारी, प्रचाराला निघालेला उमेदवार या सर्वांना डांबरी रस्त्याच्या पुढे नेणारे वाहन एकच होते. गावात जीप शिरली की सरकार आले, असे समजले जाई.

६/
याचे कारण यंत्रात आहे. पावसाळ्यात नेवासा परिसरातील काळी माती चाकाला चिकटते, टायरची नक्षी बुजते आणि मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे जोडलेला ‘ट्रान्सफर केस’ इंजिनाची शक्ती पुढच्या धुरेकडेही पाठवतो. मोठ्या गिअरदांड्याशेजारच्या दोन लहान दांड्यांपैकी एक पुढची चाके जोडते आणि दुसरी ‘लो’ गिअर लावते. वेग घटतो, ओढ वाढते. मागची चाके रुतली तरी पुढची गाडीला ओढून काढतात.

७/
आता खरा वाद. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोल जीप पोसणे शेतकऱ्याला जड झाले. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या ‘प्यूजो’कडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. परंतु आधी विकल्या गेलेल्या जीपचे काय? त्यांतील अनेकींचे हृदय गावोगावच्या गॅरेजांत बदलले गेले. पेट्रोल इंजिन उतरले, डिझेल चढले. माउंटिंग नव्याने वेल्ड झाले, कमानपाट्यांत एखादा पाटा वाढला. कारखान्यातून निघालेली जीप एक होती, गावात जगलेली जीप दुसरी झाली.

८/
आज अशी जीप ‘प्रोजेक्ट’ म्हणून हाती घेणाऱ्या तरुणांपुढे दोन मोह असतात. पहिला, रुंद टायर, एलईडीची रांग, झगझगीत रंग आणि रीलपुरता थाट. दुसरा अधिक प्रतिष्ठित : सर्व जुने उपटून गाडी थेट १९६० च्या शोरूममधून आल्यासारखी करणे. पहिल्यावर सर्वजण टीका करतात. दुसऱ्याचे कौतुक होते. वस्तुतः इतिहासाची हानी दोन्हींत आहे.

९/
गडकोटांवर फिरणाऱ्या तरुणांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. चुन्याच्या जुन्या तटावर सिमेंटचा गिलावा चढला की ते हळहळतात. परंतु शिवकालीन तटावर पेशवाईत झालेली डागडुजी खरवडून काढा, असेही कोणी म्हणत नाही, कारण ती डागडुजी हाही इतिहासच असतो. १९८० च्या सुमारास एखाद्या मिस्त्रीने बसवलेले डिझेल इंजिन ही त्या जीपवरची तशीच डागडुजी आहे. तेलसंकट सोनईसारख्या गावापर्यंत कसे पोहोचले, याचा तो लोखंडी पुरावा आहे.

१०/
कायदा मात्र हा भेद ओळखत नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले खासगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्याचा जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदल्यास ‘व्हीए’ मालिका व २०,००० रुपये शुल्क. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल नको. परिणामी बंगल्यात झाकून ठेवलेली मोटार वारसा ठरते आणि वीस वर्षे चिखल तुडवून, इंजिन बदलून तगलेली जीप केवळ ‘जुनी गाडी’ ठरते. कष्टाच्या वाहनाला वारशाच्या व्याख्येत जागाच नाही. हे बदलायला हवे. ज्या बदलाची नोंद आरसी बुकात तत्कालीन परवानगीने झालेली आहे, तो बदल मूळ स्वरूपाचाच भाग मानला जावा.

११/
यावर आक्षेप येतील. जुन्या इंजिनाचा धूर हा पहिला. तो खरा आहे; म्हणूनच व्हिंटेज वाहन रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी चालवण्यास नियमांत बंदी आहे आणि ती योग्य आहे. दुसरा आक्षेप असा की मग आजचा कोणताही फेरफार ‘इतिहास’ म्हणून खपवला जाईल. याचे उत्तर काळात आणि कागदात आहे. गरजेतून झालेला, तारखेसह नोंदलेला बदल वेगळा. हौसेपोटी काल केलेला वेगळा. वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्कच एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. हा छंद स्वस्त नाही, हे मान्य करूनच त्यात उतरावे.

१२/
मग करावे काय? पान्याला हात लावण्यापूर्वी वही उघडावी. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, आरसी बुकातील प्रत्येक शिक्का आणि प्रत्येक मालकाची तारीख उतरवून घ्यावी. क्रमांक जुळत नसतील किंवा चेसिसवरचा ठोका नवा वाटत असेल, तर व्यवहारच करू नये. रंग खरवडताना खाली सापडलेल्या थरांची छायाचित्रे घ्यावीत. एखाद्या थरात जुन्या खात्याचे नावही मिळू शकते. काढलेला भाग भंगारात न टाकता चिठ्ठी लावून ठेवावा. आणि ज्या वृद्ध मिस्त्रीने ती जीप पूर्वी उघडली होती, त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. हे काम सर्वांत आधी व्हावे, कारण गंजलेला पत्रा आणखी दहा वर्षे थांबेल, माणूस थांबेलच असे नाही.

१३/
दुरुस्तीची खरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, टायर यांत तडजोड नको. तेथे नवा भाग बसवावा आणि तसे वहीत लिहावे. उरलेल्या ठिकाणी मात्र चालण्यापुरती दुरुस्ती पुरे. प्रत्येक पोचा ठोकून सरळ करण्याची गरज नसते.

१४/
इतिहासाचार्य राजवाडे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठी गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले. ज्यांच्या घरी ती दप्तरे होती, त्यांतील अनेकांना ती रद्दीच वाटत होती. विसाव्या शतकातील महाराष्ट्राची दप्तरे केवळ कागदाची नाहीत. त्यांतील काही लोखंडाची आहेत आणि लोखंडाला भंगाराचा भाव रोज मिळतो.

१५/
म्हणून सोनईसारख्या गावातील शेडमध्ये उभ्या जीपला धनी मिळावा, पण तो केवळ हौशी नसावा. त्याने तिला चालती करावी, तिच्या अंगावरच्या खुणा राखाव्यात आणि तिची वही पुढच्या धन्याच्या हाती द्यावी. ताबा आज त्याचा असेल; पुरावा गावाचा आहे.