हारापुरती क्रेन

महाराष्ट्राच्या राजकारणात क्रेनला मानाचे पान आहे. नेत्याच्या स्वागताचा भलामोठा हार तिच्या हुकाला लटकतो आणि शेजारच्या जेसीबीच्या बकेटात उभे राहून कार्यकर्ते फुले उधळतात. लटकत्या ओझ्याखाली थांबायचे नाही, मातीच्या बकेटात माणूस चढवायचा नाही, हे या धंद्यातले अगदी पहिले नियम. ते पोलीस बंदोबस्तात, ढोलताशांच्या गजरात मोडले जात असतील, तर आडरानातल्या साइटवरच्या मुकादमाने ते पाळावेत ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

31 जुलै 2023 च्या रात्री शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारा लाँचर कोसळला आणि 20 जणांचा जीव गेला. 1 ऑगस्ट 2020 रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये क्रेन पडून 11 जण दगावले. तेव्हा तर तिची भारचाचणीच चालू होती. आकडे मोठे म्हणून या बातम्या पहिल्या पानावर आल्या. एकटादुकटा हेल्पर हायड्राखाली, म्हणजे भार उचलून चालणाऱ्या क्रेनखाली, सापडतो तेव्हा आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या तरी खूप.

या हायड्राच्या बूमवर ठळक अक्षरांत ‘14 टन’ लिहिलेले असते. ती ताकद बूम आखूड आणि भार यंत्राच्या अगदी जवळ असतानाची. बूम लांबवला, पुढे झुकवला की ती झपाट्याने उतरते. किती अंतरावर किती वजन, हे सांगणारा लोड चार्ट केबिनमध्ये असायला हवा. असलाच तर तो इंग्रजीत असतो, वरून त्यावर लिंबू-मिरची लोंबते. भार घेऊन हायड्रा चालू लागली की हेलकावे आवरायला हेल्पर त्या भाराला हात लावून पुढे चालतो. नेमका तोच ऑपरेटरला दिसत नाही, कारण मध्ये बूम आणि भार. त्याच्या हाती भाराला बांधलेला लांब दोर दिला तर तो चार पावले दूर राहील. दोराला असे किती पैसे पडतात?

कायदा नाही असे नाही. कारखाने कायदा, 1948 च्या कलम 29 ने क्रेन, साखळ्या आणि दोरांची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली. बांधकामांसाठी 1996 चा स्वतंत्र कायदा आला, त्यानंतर 2020 ची श्रमसंहिता. पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसापुरते बोलते. भार बांधायच्या स्लिंगची तार उसवते ती नंतरच्या एखाद्या मंगळवारी, आणि त्या दिवशी तिथे फक्त भार बांधणारा खलाशी असतो.

या खलाशांच्या बोलीत ‘हापीस’ म्हणजे वर, ‘आरिया’ म्हणजे खाली. वर-खालीचे इशारे एकाच सिग्नलमनने द्यायचे. ‘थांब’ हा इशारा मात्र कुणीही दिला तरी ऑपरेटरने पाळायचा, असा जगभरचा दंडक. आपल्याकडे तो देणाऱ्याला उद्या कामावर घेतील का, हा खरा प्रश्न आहे. क्रेन भाड्याची, ऑपरेटर तिच्या मालकाचा, खलाशी तिसऱ्याच ठेकेदाराचा आणि उद्घाटनाची तारीख मंत्रालयातून आलेली. या साखळीत सगळ्यात खालच्या माणसाने ‘आज वारा फार आहे’ म्हणायचे! भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगाराला कायद्याने मिळाला, तोही धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांपुरता. सूचना देणे आणि काम थांबवणे यांत फरक आहे.

तो मिटवायला नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि रस्ते विकास महामंडळ यांनी पुढच्या निविदेपासून एक अट घालावी : ऑपरेटरने किंवा खलाशाने धोका पाहून भार थांबवला, तर त्या तासांचे भाडे आणि मजुरी कापली जाणार नाही, आणि तेवढ्या विलंबाचा दंड ठेकेदाराला लागणार नाही.